काळवंडलेले दागिने घरच्या घरी साफ करणं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चांदी काळी पडते, एक ग्रॅमवालं लालसर होतं, सोन्यावर चिकट थर बसतो. तिन्हीची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. बाकीचे प्रश्न लागतील तसे वाचा, पण पहिले दोन वाचल्याशिवाय दागिना पाण्यात घालू नका. घरी बिघडलेल्या दागिन्यांपैकी बहुतेक चुकीच्या औषधाने नव्हे, तर दागिन्यात काय काय आहे ते न बघितल्यामुळे बिघडतात.

दागिना नेमका कशाचा आहे हे घरी कसं ओळखायचं?

आधी शिक्का शोधा. सोन्यावर बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की शुद्धता दिसते. आजीच्या पाटल्यांवर यातलं काहीच नसेल, त्यात वावगं काही नाही. चांदीवर ९२५ असेल तर शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं. बाजारातल्या कित्येक पैंजणांत चांदी याहून कमी असते, आणि खोट जास्त तितकी ती लवकर काळवंडते.

चुंबकाला दागिना चिकटला तर आत लोखंड किंवा निकेल आहे. चिकटला नाही म्हणून तो सोन्याचा ठरत नाही, कारण पितळ आणि तांबंही चिकटत नाहीत. फक्त फाश्यापाशी ओढ जाणवली तर घाबरू नका, आतली बारीक स्प्रिंग स्टीलची असू शकते.

मुलामा ओळखायला मागची बाजू आणि कडा बघा. सतत घासल्या जाणाऱ्या जागी, म्हणजे बांगडीच्या आतल्या कडेला किंवा हाराच्या कडीपाशी, लाल किंवा फिकट पिवळा धातू डोकावत असेल तर वरचं सोनं पातळ थराचं आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण आहे, त्यामुळे खाली दिलेली चांदीची फॉइलची पद्धत त्याला लागू नाही.

पाण्यात घालण्याआधी काय तपासायचं?

लाख, धागा, मोती, पोवळं, कुंदन, चिकटवलेला खडा, मीनाकारी. यातलं एक जरी असलं तरी तो दागिना बुडवायचा नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती लाख, कारण ती दिसत नाही. बोरमाळेचे मणी, कोल्हापुरी साजाची पानं आणि मंगळसूत्राच्या वाट्या बऱ्याचदा पोकळ असतात आणि आकार टिकावा म्हणून आत लाख भरलेली असते. आकाराच्या मानाने दागिना हलका वाटतो, मागे बारीक भोक किंवा बुजवलेली खूण दिसते. गरम पाण्यात लाख मऊ होऊन भोकातून बाहेर येते, मग बोटाने जरा दाबलं तरी पत्र्याला पोचा पडतो आणि तो पोचा घरी निघत नाही. गार पाण्यात लाख वितळत नाही, पण पाणी आत शिरून राहतं आणि महिन्याभराने भोकाभोवती काळा डाग दिसतो.

आमच्याकडे, ठाणे-नवी मुंबईत, चांदी इतक्या लवकर का काळी पडते? पुण्याच्या नणंदेची तर वर्षभर पांढरी राहते.

चांदीला गंज चढत नाही, तिला गंधक लागतं. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइड वायूशी संयोग होऊन वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. तो आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी काळा दिसतो. ठाण्याची खाडी दोन्ही शहरांच्या मधून जाते. खाडीच्या चिखलात प्राणवायू नसलेल्या थरातले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हाच वायू तयार करतात. ओहोटीला कळवा, कोपरी, ऐरोली किंवा वाशीच्या पुलाकडून येणारा कुजकट वास त्याचाच. उघडे नाले आणि तुंबलेली गटारं त्यात भर घालतात. वर जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलीचिंब, आणि दमट हवेत ही क्रिया जास्त वेगाने होते. नणंदेच्या घराजवळ खाडी नाही, एवढाच फरक.

घरातलं गंधकही धरा. अंडं, कांदा, लसूण आणि हिंग यांत गंधकाची संयुगं असतात. काळ्या मिठात तर सल्फाइडच असतं, त्यामुळे पाणीपुरीचं पाणी कालवताना हातात चांदीची अंगठी असेल तर ती त्याच दिवशी रंग बदलेल. फटाक्यांच्या दारूत गंधक असतं, म्हणून दिवाळीत हात धुतल्याशिवाय चांदीला हात लावू नये. गंधकाचा साबण किंवा मलम चालू असेल तर तेवढे दिवस चांदी काढूनच ठेवा.

चांदी काळी पडली म्हणजे अंगात उष्णता जास्त, हे खरं का?

नाही. घामातले क्षार आणि गंधकयुक्त घटक प्रत्येकाच्या अंगात कमीजास्त असतात, साबण, पावडर आणि क्रीमही वेगळी असतात. एकाच घरात दोघींचे पैंजण वेगवेगळ्या वेगाने काळे होतात ते यामुळे. नजरेचा तर काहीच संबंध नाही.

काळे पडलेले पैंजण घरी कसे साफ करायचे?

दोन टप्प्यांत, आणि पहिला टाळू नका. पैंजणावर काळेपणापेक्षा मळ जास्त असतो: साबणाचा थर, टाचेची मृत त्वचा, रस्त्यावरची धूळ. ह्या चिकट थराखाली पुढचा उपाय पोचतच नाही.

मळ काढायला एका वाडग्यात दोन पेले कोमट पाणी घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका आणि पैंजण २० मिनिटं भिजत ठेवा. मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने कड्या आणि घुंगरांच्या फटी हलक्या हाताने घासा. पाणी करडं होईल. ते ओतून द्या आणि पैंजण दुसऱ्या वाडग्यात स्वच्छ पाण्याने खळबळा. वाहत्या नळाखाली, जाळी नसलेल्या बेसिनमध्ये कधीच धुऊ नका. सुटलेला घुंगरू नाहीतर मळसूत्राची कळी थेट पाइपात जाते.

आता काळेपणा. काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्या आणि आतून पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल अंथरा. चकचकीत बाजू वर की खाली याने काही बिघडत नाही. फॉइलवर पैंजण असे पसरा की प्रत्येक भाग कुठेतरी फॉइलला टेकेल. त्यावर एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि एक छोटा चमचा मीठ भुरभुरवा, मग एक लिटर उकळतं पाणी हळूहळू ओता. दोन ते पाच मिनिटांत काळेपणा उतरायला लागतो. फार जुना थर असेल तर पैंजण उलटून आणखी पाच मिनिटं ठेवा. त्यातूनही डाग राहिले तर नवा फॉइल, नवं पाणी, नवा सोडा घेऊन पुन्हा करा. तेच गार झालेलं पाणी तासभर ठेवून काही होत नाही.

यात होतं काय, तर सल्फाइडमधलं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी होती तिथेच परत चांदी म्हणून बसते. घासण्यात थोडीतरी चांदी कमी होते, इथे ती जवळपास सगळी जागेवर राहते. म्हणून भरीव, साध्या चांदीसाठी घरात करण्यासारखा हाच उपाय पहिला.

चिमट्याने बाहेर काढा, दोन वेळा स्वच्छ पाण्यात खळबळा आणि शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. घोडबंदर रोडला किंवा जिथे टँकरचं, बोअरचं जड पाणी येतं तिथे हे विशेष लक्षात ठेवा, नाहीतर वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके दिसतात आणि लोकांना वाटतं की चांदी खराब झाली. जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसून पंख्याखाली दोन तास वाळवा. घुंगरांच्या आत पाणी राहतं, त्यामुळे लगेच डबीत बंद करू नका.

सोड्याच्या जागी इनो चालेल?

नाही. इनोत सोड्याबरोबर आम्लही असतं, पाणी पडताच दोघं एकमेकांना संपवतात. खाण्याचा सोडाच घ्या.

फॉइलची पद्धत केली तर कुजक्या अंड्यासारखा वास आला.

यायलाच हवा. चांदीवरचं गंधक वायूच्या रूपाने बाहेर पडतंय. प्रमाण फार थोडं असतं, तरी खिडकी उघडी ठेवा, भांड्यावर झाकण घालू नका आणि वास घ्यायला वाकू नका.

काहीच झालं नाही. चुकलं कुठे?

बहुतेक वेळा दागिना फॉइलला टेकलेला नसतो, किंवा पाणी कोमटच असतं. तिसरं कारण वरचा तेलकट थर. चौथं म्हणजे दागिन्यावर लॅकरचा पारदर्शक थर आहे. आणि पाचवं: दागिना चांदीचा नाहीच.

साफ झाल्यावर चांदी पांढरी दिसते पण चमक नाही.

परत बसलेल्या चांदीचा थर सूक्ष्म पातळीवर खरखरीत असतो, त्यावरून प्रकाश विखुरतो. मऊ सुती कापडाने, गोल गोल न घासता एकाच दिशेने दोन-तीन मिनिटं चोळलं की चमक येते. गुलाबी झाक दिसली तर पृष्ठभागावर तांबं उघडं पडलंय, म्हणजे चांदीत खोट बरीच आहे.

ही पद्धत कशाला वापरायची नाही?

मोती, पोवळं, फिरोजा, लाख, मीना, चिकटवलेले खडे आणि मुलाम्याचे दागिने यांना नाही. ऑक्सिडाइज्ड चांदीला तर मुळीच नाही. त्या दागिन्यांतला काळेपणा मुद्दाम चढवलेला असतो, नक्षी उठून दिसावी म्हणून. फॉइलने तो पाच मिनिटांत निघून जातो आणि दागिना सपाट, फिका दिसतो. ऑक्सिडाइज्ड दागिना फक्त उंचवट्यांवर कोरड्या कापडाने पुसायचा.

टूथपेस्ट, रांगोळी, राख?

तिघांनी चमक येते, आणि ती घासून येते. रांगोळीचे दगडी कण चांदीहून कठीण असतात, म्हणून काळ्या थराबरोबर चांदीही जाते. देवघरातल्या जाड निरांजनाला हे वर्षानुवर्षं सोसतं, बारीक नक्षीच्या जोडव्याला नाही. उजेडात तिरकं धरून बघा, केसासारखे ओरखडे दिसतील. ओरखडे पडलेल्या पृष्ठभागावर मळ जास्त धरतो आणि चांदी पूर्वीपेक्षा लवकर काळी होते. व्हाइटनिंगवाली टूथपेस्ट त्याहून वाईट.

लिंबू आणि सोडा एकत्र करून लावतात ना?

फेस छान येतो. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हातात राहतं खारट पाणी. दोन्हीपैकी कशाचाच उपयोग उरत नाही. नुसतं लिंबू तांब्यावर चालतं, सिल्व्हर सल्फाइडवर त्याचा प्रभाव नगण्य. लिंबाने चांदी उजळल्यासारखी वाटते तेव्हा बहुधा तिच्यातल्या तांब्याचा थर निघालेला असतो.

बाटलीतलं सिल्व्हर डिप कसं वापरायचं?

सेकंदांच्या हिशेबात. बहुतेक डिपमध्ये थायोयुरिया आणि आम्ल असतं. पाच-दहा सेकंद बुडवा, लगेच भरपूर पाण्याने धुवा, हातमोजे घाला, खिडकी उघडा. विसरून तसंच ठेवलं तर चांदी खाल्ली जाऊन पृष्ठभाग मंद होतो. नीट न धुतलेल्या फटींत राहिलेल्या द्रवामुळे तिथेच पुन्हा डाग पडतात. फॉइलने भागत असेल तर याच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं मत.

सोनं काळं पडत नाही म्हणतात, मग माझ्या चेनवर काळपट थर कसा?

शुद्ध सोनं काळं पडत नाही. २२ कॅरेटमध्ये साधारण साडेआठ टक्के इतर धातू असतात, मुख्यतः तांबं आणि चांदी; थोडा काळेपणा त्यांचा. १८ आणि १४ कॅरेटमध्ये तो जास्त दिसतो. पण चेनच्या कड्यांमध्ये दिसतो तो बहुतेक वेळा नुसता मळ: घाम, पावडर, खोबरेल आणि धूळ यांचा घट्ट लगदा. कापडावर काळं आलं तर मळ. सगळा मळ काढूनही एखाद्या सांध्यापाशीच काळं राहिलं तर तिथला डाख, म्हणजे सांधा जोडायचा धातू, कमी कसाचा आहे, ते सोनारालाच दाखवा.

रोज वापरायचं सोनं धुवायचं कसं?

एक पेला कोमट पाणी, लिक्विडचे दोन-तीन थेंब, १५ मिनिटं भिजवणं, मऊ ब्रश, वाडग्यात दोन खळबळी, सुती कापड, पंखा. याहून जास्त काही लागत नाही. खड्याची अंगठी असेल तर धुण्याआधी कानाजवळ धरून नखाने टिचकी मारा. किणकिण आवाज आला तर खडा सैल आहे आणि आत्तापर्यंत मळानेच धरून ठेवलाय. ती धुऊ नका, आधी खडा घट्ट करून घ्या.

रिठ्याचं पाणी खरंच चांगलं असतं का?

हो, आणि सोनारही ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. रिठ्याच्या सालीतलं सॅपोनिन हा सौम्य साबणच. आठ-दहा रिठे फोडून बिया काढा, साली दोन पेले पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं मंद उकळा, गार करून फडक्यातून गाळा. त्यात सोनं किंवा साधी चांदी अर्धा तास ठेवून ब्रशने घासा. गाळायचा कंटाळा केला तर सालीचा चोथा चेनच्या कड्यांत अडकतो आणि तो काढायला टाचणी घ्यावी लागते. पाणी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं, नंतर आंबतं. रिठे ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. पावडरपेक्षा अख्खे घ्या. डोळ्यांना मात्र सांभाळा, रिठा फार झोंबतो.

हळदीच्या पाण्यात उकळल्याने सोन्याचा रंग वाढतो?

फटींमध्ये हळद बसते, तेवढा एक दिवस पिवळं दिसतं. खडा किंवा लाख असेल तर उकळण्याने नुकसान मात्र नक्की.

सोन्याच्या अंगठीवर अचानक पांढरा, चांदीसारखा डाग पडला.

पारा लागलाय. पारा सोन्यात मुरतो आणि तो भाग पांढरा, ठिसूळ होतो. फुटलेला जुना थर्मामीटर, बीपीचं पाऱ्याचं यंत्र ही नेहमीची कारणं. रंग उजळवणाऱ्या काही क्रीममध्येही पारा आढळतो. तसं क्रीम वापरत असाल तर दागिन्याआधी त्वचेची काळजी करा, क्रीम बंद करून डॉक्टरांना दाखवा. डाग घासून निघत नाही. तापवल्याने पारा उडून जातो हे खरं, पण ती वाफ विषारी असते, म्हणून गॅसवर धरायचा विचारही नको. अंगठी वेगळ्या काचेच्या बाटलीत घालून सोनाराकडे द्या आणि कारण सांगा, म्हणजे तो योग्य हवेशीर जागी काम करेल. इतर सोन्याला ती लावू नका, पारा पसरतो.

स्विमिंग पूलमध्ये दागिने चालतात का?

काढून ठेवा. क्लोरीनमुळे चांदी राखाडी होते आणि १४ ते १८ कॅरेटच्या, विशेषतः निकेल असलेल्या व्हाइट गोल्डच्या सांध्यांना बारीक तडे जातात. बाथरूम ब्लीचने धुतानाही तेच.

मंगळसूत्र रोज अंगावर असतं. काढून न ठेवता स्वच्छ कसं ठेवायचं?

आंघोळीनंतर मऊ पंचाने वाट्या आणि मणी टिपून घ्या, शॅम्पूच्या दिवशी साध्या पाण्याने एकदा खळबळा, आणि पावडर-परफ्यूम मारायचंच असेल तर वाळल्यावर, वाट्यांपासून दूर. महिन्यातून एकदा काढून साफ करा. वाट्यांच्या आतल्या खोलगट बाजूला हळद-कुंकू आणि तेलाचा थर बसतो, तो ओलसर इअरबडने टिपायचा. वाट्यांत लाख असेल तर बुडवायचं नाही, हे पुन्हा सांगतो. काळे मणी काचेचे असतील तर त्यांना काही होत नाही. प्लॅस्टिकवर रंग चढवलेले असतील तर साबणाने रंग सुटतो, म्हणून एक मणी ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघा. दोऱ्यात ओवलेलं असेल तर मणी सरकवून मधला दोरा बघा. तो केसाळ, काळपट झाला असेल तर साफसफाई राहू दे, आधी पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या.

नथ, तन्मणी आणि चिंचपेटीतले मोती?

मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, व्हिनेगर लागलं तर वरचा चमकदार थर विरघळतो आणि तो परत येत नाही. घाम आणि परफ्यूमही हळूहळू हेच करतात, म्हणून मोत्यांचा दागिना सगळा साज चढवून झाल्यावर शेवटी घालायचा आणि आल्यावर सगळ्यांत आधी काढायचा. काढल्या काढल्या किंचित ओलसर मलमलीने एकेक मोती पुसा, मग कोरड्याने. धागा भिजवू नका, ओला रेशमी धागा ताणला जातो आणि मोत्यांमध्ये फटी पडतात. नथीत सोन्याची तार असते तिथे कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशने धूळ झाडली की पुरे.

मोत्यांना अगदी कोरडी हवाही मानवत नाही. सिलिका जेल आणि हवाबंद पाउच चांदीसाठी. मोती सुती कापडात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवा.

एक ग्रॅम सोन्याचा हार लाल पडायला लागलाय. परत पिवळा होईल?

घरी नाही. नाव एक ग्रॅम असलं तरी हारात तेवढं सोनं असतंच असं नाही. तांब्या-पितळेवर चढवलेला मुलामा बहुतेकदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. लाल दिसतंय ते आतलं तांबं, म्हणजे मुलामा घासला गेलाय. जितकं साफ कराल तितका तो आणखी जाईल. अशा दागिन्याला साबण, सोडा, रिठा, पावडर काहीच लावायचं नाही; घालून झाल्यावर कोरड्या मऊ कापडाने घाम टिपायचा, पंख्याखाली वाळवायचा आणि पाउचमध्ये ठेवायचा. फटीत हिरवट काही साचलं असेल तर किंचित ओल्या इअरबडने टिपून लगेच वाळवा. पारदर्शक नेलपॉलिश मागच्या बाजूला, त्वचेला लागणाऱ्या जागी लावलं तर काही दिवस चालतं. दर्शनी बाजूला लावू नका, ते पापुद्र्याने निघतं आणि दागिना कोड फुटल्यासारखा दिसतो. घडण चांगली असेल तर पुन्हा मुलामा चढवून घेता येतो. स्वस्तातल्या हाराला तो खर्च परवडत नाही.

तांब्याची अंगठी, पितळी कडं?

अर्धा चमचा चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, एक-दोन मिनिटं चोळा, धुवा, मग सोड्याच्या पाण्यात बुडवून राहिलेलं आम्ल मारा आणि कोरडं करा. पितळ आम्लात विसरलात तर गुलाबी डाग पडतात. तांब्या-पितळेची पीतांबरी, जी ठाण्याचीच, भरीव कड्याला चालते. मुलाम्याच्या दागिन्याला मात्र लावू नका, ती भांड्यांसाठी आहे.

बोट हिरवं होतं, कानाला खाज येते. दोन्ही एकच का?

वेगळं. हिरवेपणा तांब्याच्या क्षारांचा. साबणाने जातो, त्रास नसतो. खाज, लाली, पाण्याचे फोड हे निकेलच्या ॲलर्जीचं लक्षण, आणि ते दागिना साफ केल्याने थांबत नाही. तो दागिना घालणं सोडा. कानाला जखम झाली असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

पावसाळ्यात आणि लॉकरमध्ये चांदी कशी ठेवायची?

पूर्ण वाळलेला एक दागिना, एक झिपचं पाउच, हवा दाबून काढलेली. मोठ्या डबीत अशी पाउचं आणि सोबत सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारे नारिंगी दाणे हिरवे झाले की ओल भरली समजा. सुटे दाणे स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तासभर ठेवले की पुन्हा वापरता येतात. सोनाराकडचा गुलाबी कागद दुकानातून घरी आणण्यापुरता ठीक. ओल लागली की त्याचा रंग सुटतो.

रबरबँड मात्र कटाक्षाने नको. रबर टिकाऊ करायला गंधक वापरतात आणि चांदीवर बरोबर रबराच्या रुंदीची काळी रेघ उमटते. लोकरीचं कापड आणि वर्तमानपत्रही नको. लॉकरच्या पोलादी कप्प्यातही हवा तीच असते, तेव्हा मे महिन्यात एकदा जाऊन पुड्या बदलून या. गौरींच्या अंगावरचे दागिने विसर्जनानंतर तसेच गुंडाळून ठेवण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. हळद-कुंकू, फुलांचा ओलावा आणि भाद्रपदातली दमट हवा एकत्र बंद होते, पुढच्या वर्षी डबी उघडल्यावर काय दिसतं ते वेगळं सांगायला नको. त्याच संध्याकाळी पुसा.

ऑनलाइन मिळणारं अल्ट्रासॉनिक मशीन घ्यावं का?

साध्या सोन्याला आणि घट्ट बसवलेल्या हिऱ्याला चांगलं. मोती, पोवळं, पाचू, ओपल, कुंदन आणि लाख यांना नको. पाचूच्या भेगांत भरलेलं तेल त्याने निघून जातं आणि भेगा दिसायला लागतात. सैल खडा तर पडतोच.

दारावर दागिने उजळून देणारे येतात. चांगलं करतात का?

देऊ नका, अगदी समोर बसून करत असले तरी. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात सोनं विरघळतं. बांगडी त्यात बुडवली की चकचकीत होऊन बाहेर येते, वजन कमी झालेलं असतं, आणि ते सोनं द्रावणात त्यांच्याबरोबर जातं. काही जण तर डबी हातचलाखीने बदलूनच नेतात. संशय आला तर दार लावा आणि ११२ ला फोन करा.

दुकानातही पॉलिशने थोडी घट होतेच. आत देण्याआधी तुमच्यासमोर वजन करून मिलिग्रॅमपर्यंत पावतीवर लिहून घ्या, परत घेताना त्याच काट्यावर ठेवा. लाख, मोती किंवा खडा असेल तर तसं पावतीवर लिहायला लावा. रोजच्या अंगठीला दरवर्षी पॉलिश करू नका, कडा गुळगुळीत होऊन नक्षी पुसली जाते.

कडी निखळली. तात्पुरतं फेव्हिक्विक लावू का?

नको. नंतर सोनाराला तिथे डाख लावायचा असतो. गोंद जळून धूर होतो, डाख धरत नाही, आणि तो खरवडून काढताना धातू जातो. दोन्ही तुकडे एकाच पाउचमध्ये ठेवा आणि तोवर दुसरी चेन घाला.